हुंकार देणारं कुणी नसताना

महाराष्ट्रात २०११ पासून ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. त्याआधी चार माणसांसमोर उभं राहून बोलण्याची वेळच न आलेल्या असंख्य बायकांवर त्यामुळे सभेत बोलण्याची जबाबदारी आली. त्यांच्याकडून एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. घरी, शेतात, बचत गटात सगळं नीट सांगता येतं, पण ग्रामसभेत उभं राहिलं की डोक्यातलं सगळं पुसलं जातं. पुरुषांचीही गत फार वेगळी नसते, ती कबूल करायला मात्र ते संकोचतात.

तोंड तेच, भाषा तीच, विषयही तोच. मग ओट्यावर सरळ येणारं बोलणं सभेत का अडतं? हे आतून कसं चालतं ते सावकाश बघू. त्यासाठी एक प्रसंग धरू. गाव चढावर वसलेलं आहे. खालच्या आळीत नळाला धो धो पाणी येतं, वरच्या आळीत करंगळीएवढी धार. वरच्या आळीतल्या सुनंदाताई नव्याने निवडून आल्या आहेत आणि येत्या ग्रामसभेत त्यांना हा प्रश्न मांडायचा आहे. हाताशी वेळ जेमतेम तीन मिनिटं. सुनंदाताई मी कल्पनेने उभ्या केल्या आहेत. त्यांची अडचण खरी आहे.

आधी त्या शेजारच्या शालनकाकूंना हेच सांगतात तेव्हा काय होतं ते बघा. "काकू, पाणी आलं का तुमच्याकडं?" "कुठलं गं!" "मी सकाळपासून बसलेय हंडा लावून." "हो ना." "अन् खाली बघा, गाड्या धुतायत." "काय सांगतेस!" काकूंनी इथे नवी माहिती अशी काहीच दिलेली नाही. तरी प्रत्येक हुंकारातून त्यांनी काहीतरी कळवलं आहे. ऐकतेय. माझंही तसंच आहे. हे मला ठाऊक नव्हतं, पुढे सांग. सुनंदाताईंचं पुढचं वाक्य या हुंकारावर बेतलेलं असतं. काकूंनी "म्हणजे?" असं विचारलं असतं, तर त्या थांबून खुलासा करत्या, "ते माहितेय गं" म्हटलं असतं, तर तो भाग सोडून पुढे जात्या.

ही देवाणघेवाण किती वेगाने चालते हे अभ्यासकांनी मोजलं आहे. जपानी, डॅनिश, इटालियन, कोरियन अशा जगभरातल्या दहा भाषांमधल्या रोजच्या प्रश्नोत्तरांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात सरासरी एक पंचमांश सेकंदाच्या आसपास वेळ जातो, असं त्यात दिसलं. दुसरीकडे, समोरच्या वस्तूचं नुसतं नाव तोंडून काढायलाही माणसाला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. याचा अर्थ, ऐकणारा आपलं वाक्य संपायची वाट बघत बसलेला नसतो. आपण वाक्याच्या मध्यावर असतानाच ते कुठे संपणार याचा अंदाज घेऊन तो आपलं उत्तर जुळवू लागतो. ऐकणं हे स्वस्थ बसण्याचं काम नाही, ऐकणारा आपल्याबरोबर धावत असतो.

कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठातल्या जॅनेट बॅव्हेलस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला प्रयोग तर या सगळ्याच्या मुळाशी जातो. एकाने आपल्यावर बेतलेला, थोडक्यात निभावलेला एखादा प्रसंग दुसऱ्याला सांगायचा. काही ऐकणाऱ्यांना गुपचूप एक काम दिलं होतं: सांगणाऱ्याच्या बोलण्यात एका ठराविक अक्षराने सुरू होणारे शब्द किती येतात ते मोजायचं. सांगणाऱ्याला याचा पत्ता नव्हता. शब्द मोजण्यात गुंतलेल्या ऐकणाऱ्यांचे हुंकार आटले, चेहऱ्यावरची दाद आटली, आणि त्याबरोबर सांगणाऱ्याचं सांगणंही बिघडलं. विशेषतः शेवट. जिथे गोष्ट रंगायची तिथेच ती कोसळली. कुणी शेवट तुटक उरकला, कुणी तोच पुन्हा पुन्हा सांगितला, कुणी प्रसंग खरंच किती भयंकर होता याची सफाई देत बसला. बिघाड होता तो समोरच्या कानात.

आता सुनंदाताईंना ग्रामसभेत उभं करा. समोर शे-दीडशे माणसं. कुणी मोबाइलमध्ये, कुणी शेजाऱ्याशी कुजबुजतंय, बाकीचे गप्प. सभेत गप्प बसणं ही रीतच आहे, त्यात वैर नाही. पण शालनकाकूंच्या हुंकारावर चालणारं त्यांचं बोलणं इथे एकदम आधाराविना पडतं. वाक्य पोचलं की नाही कळत नाही. मग त्या तेच पुन्हा सांगतात, किंवा घाईने उरकतात, किंवा खुलासे करत बसतात. प्रयोगातल्या माणसांचं जे झालं तेच. चारचौघात बोलण्याच्या भीतीचा मोठा भाग इथून येतो असं माझं मत आहे, आणि ते कळलं की पुढचा मार्गही दिसतो. सभेत बोलण्याच्या बहुतेक युक्त्या म्हणजे हरवलेला हुंकार परत मिळवण्याचे, किंवा तो नसताना तग धरण्याचे उपाय आहेत.

आपल्याकडच्या बोलणाऱ्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ज्ञानेश्वर नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे अवधान मागतात, आणि ग्रंथभर अधूनमधून श्रोत्यांशी बोलत राहतात. दासबोधाची सुरुवातच श्रोत्यांच्या प्रश्नाने होते. पुढेही अनेक ठिकाणी श्रोता शंका काढतो आणि वक्ता तिचं निरसन करतो. लिहिलेल्या ग्रंथातही समोर माणूस बसवल्याशिवाय या लेखकांचं सांगणं पुढे सरकत नाही.

कीर्तनात तर हुंकाराची सोयच करून ठेवलेली आहे. वारकरी कीर्तनात कीर्तनकाराच्या मागे टाळकरी उभे असतात. बुवा अभंगाच्या एका चरणाचं निरूपण करतात आणि टाळकरी ते चरण उचलून धरतात. त्या मिनिटाभरात बुवांना दम घेता येतो, समोरचे जागे आहेत का ते दिसतं, आणि ऐकलेलं मुरायला श्रोत्यांना वेळ मिळतो. नारदीय कीर्तनाचा घाटही असाच विचारपूर्वक रचलेला आहे. पूर्वरंगात एखाद्या अभंगाच्या आधाराने तत्त्व मांडायचं, मध्ये सगळ्यांनी मिळून नामस्मरण, मग उत्तररंगात तेच तत्त्व एखाद्या आख्यानातून दाखवायचं, आणि शेवटी मूळ अभंगाकडे परत यायचं. पूर्वरंगात ज्याच्या डोक्यावरून गेलं, त्याला उत्तररंगातली गोष्ट हाताला धरून आणते.

गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) तर श्रोत्यांचं बोलणं हाच कीर्तनाचा कणा केला. ते वऱ्हाडी बोलीत, रोजच्या व्यवहारातले प्रश्न समोरच्या गर्दीला विचारत, आणि हजारोंचा जमाव एका आवाजात उत्तर देई. कर्ज काढून सण करावा का, देवापुढे बोकड कापावा का, पोराला शाळेत घालावं का. उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून निघालं की ते त्यांचं होतं, बाहेरून आलेला उपदेश राहत नाही. शाळेची पायरी न चढलेल्या या माणसाला संवादाची यंत्रणा जेवढी कळली होती, तेवढी फार थोड्या वक्त्यांना कळते.

सुनंदाताईंना तीन मिनिटांत कीर्तन करायचं नाही. पण एक साधा प्रश्न त्या विचारू शकतात: "वरच्या आळीतल्या बायांनो, आज सकाळी किती हंडे भरले?" दोघी-तिघी तरी बोलतीलच. तेवढ्याने सभेत आवाज फिरतो आणि सुनंदाताईंना त्यांचा हुंकार मिळतो. प्रश्न मात्र असा हवा की ज्याचं उत्तर समोरच्याला खात्रीने माहीत आहे. "पाणी म्हणजे काय?" असल्या प्रश्नाला सभा गप्पच बसते.

आता भीतीकडे येऊ, कारण सगळ्यात आधी तिचाच सामना होतो. अनेक नजरा आपल्यावर रोखल्या गेल्या की शरीर तो धोका समजतं आणि ॲड्रेनलिन सोडतं. हृदय धडधडतं, श्वास उथळ होतो, हातपाय थरथरतात, लाळ आटून तोंड कोरडं पडतं. पळायला किंवा झुंजायला ही तयारी उत्तम. बोलायला मात्र खोल श्वास आणि ओलं तोंड लागतं, म्हणून पंचाईत होते. यात दुबळेपणा नाही. मोहनदास गांधी इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन आले आणि मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिला खटला चालवायला उभे राहिले, तेव्हा त्यांचं डोकं गरगरलं, साक्षीदाराला एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले आणि फी परत केली. आत्मकथेत त्यांनी हे स्वतःच लिहिलं आहे. आपल्या बुजरेपणामुळे शब्द मोजून वापरायची सवय लागली, असंही ते त्यात सांगतात.

भीतीबद्दलची एक माहिती मला फार मोलाची वाटते. आपल्याला वाटतं, आपलं घाबरणं सगळ्यांना लख्ख दिसतंय. प्रत्यक्षात ते तेवढं दिसत नाही. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बोलणाऱ्यांना स्वतः जितके घाबरलेले वाटत होते, तितके ते ऐकणाऱ्यांना वाटले नाहीत. पुढची गोष्ट आणखी महत्त्वाची: ज्यांना हे आधीच समजावून सांगितलं होतं, त्यांची भाषणं इतरांपेक्षा चांगली झाली. धडधड छातीत असते, सभेला ती ऐकू येत नाही, एवढं ठाऊक असणंही उपयोगी पडतं. बाकी उपाय साधे आहेत. उभं राहण्याआधी चार-पाच श्वास सावकाश सोडायचे. घेण्यापेक्षा सोडणं लांबवायचं. दोन घोट पाणी प्यायचं. आणि पहिलं वाक्य, फक्त पहिलं, पाठ असू द्यायचं, कारण घबराट पहिल्या अर्ध्या मिनिटात सगळ्यात जास्त असते.

आवाजाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण मराठी बोलणाऱ्याची इथे एक खास अडचण आहे. फुप्फुसातून वर येणारी हवा स्वरयंत्रातल्या स्वरतंतूंना कंप देते. पुरुषांचे स्वरतंतू सेकंदाला साधारण शंभर-सव्वाशे वेळा, बायकांचे दोनशेच्या आसपास वेळा उघडमीट करतात. तो मूळ नाद घसा, तोंड आणि नाकाच्या पोकळ्यांत घुमून मोठा होतो, आणि जीभ-ओठ त्याला अक्षराचा आकार देतात. म्हणजे आवाजाचं इंधन श्वास. माणूस वाक्याच्या सुरुवातीला भरपूर श्वासाने बोलतो आणि शेवटाकडे तो संपत जातो. मराठीत क्रियापद येतं शेवटी. होकार, नकार, मागणी, विनंती, सगळा निर्णय वाक्याच्या टोकाला. "पंचायतीने मागच्या वर्षी मंजूर केलेलं काम अजून पूर्ण झालेलं नाही" या वाक्यातलं "नाही" पुटपुटलं गेलं, तर मागच्या रांगेला काम झालंय की राहिलंय तेच कळत नाही. नवख्या वक्त्यांची वाक्यं ऐका; शेवटचे दोन शब्द हमखास गिळलेले असतात.

म्हणून वाक्य आखूड ठेवायचं, एका श्वासात आरामात मावेल एवढं. आणि क्रियापदावर आवाज पडू द्यायचा नाही, उलट तिथे किंचित जोर द्यायचा. वाक्य संपलं की थांबायचं. हा थांबा बोलणाऱ्याला युगासारखा वाटतो, ऐकणाऱ्याला तो जाणवतही नाही. त्यात श्वास भरून होतो आणि समोरच्यांच्या मनात वाक्य बसतं. वरच्या पट्टीत ओरडल्याने आवाज लांब जातो हा गैरसमज आहे. ताणलेल्या गळ्यातून शब्द फाटतात. सावकाश बोललेलं, अक्षर सुटं सुटं उच्चारलेलं लांबवर कळतं.

माइक असेल तर त्याची रीत जाणून घ्यावी. तोंडापासून साधारण एक वीत अंतर ठेवावं आणि मान वळवली तरी ते तेवढंच राहील असं बघावं. अगदी ओठांशी धरला की प, फ, भ या अक्षरांचे धक्के बसतात. माइक कर्ण्याच्या समोर गेला की कर्ण्यातला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होऊन बाहेर पडतो, आणि ती कानठळ्या बसवणारी शिट्टी सुरू होते. तेव्हा माइकच्या जाळीवर हात ठेवू नये, त्याने शिट्टी बहुधा वाढतेच. कर्ण्यापासून दूर सरकावं.

आता काय बोलायचं याकडे. १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीने एक साधा प्रयोग केला. एकाने ओळखीच्या गाण्याची लय टेबलावर टकटक करून वाजवायची, दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता, निम्मी गाणी ओळखली जातील. वाजवलेल्या १२० गाण्यांपैकी ओळखली गेली फक्त ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणं, शब्दांसह, चालू असतं. ऐकणाऱ्याला ऐकू येते नुसती टकटक. जाणकार माणसाचं बोलणं समोरच्याला का कळत नाही, याचं इतकं नेमकं चित्र मी दुसरं पाहिलेलं नाही. सुनंदाताईंच्या डोक्यात वर्षानुवर्षांचं पाण्याचं गाणं वाजतं आहे. खालच्या आळीतल्या माणसाला, ज्याच्या नळाला कायम पाणी आहे, त्यातलं काय ऐकू येणार?

त्यांनी पहिल्यांदा कागदावर लिहिलेलं भाषण असं असेल (त्यातले भाऊसाहेब म्हणजे ग्रामपंचायत अधिकारी): "आदरणीय सरपंच, उपसरपंच, भाऊसाहेब, सर्व सदस्य आणि ग्रामस्थ बंधू-भगिनींनो, आपल्या गावाच्या पाणीपुरवठा योजनेत अनेक त्रुटी असून वरच्या आळीवर सातत्याने अन्याय होत आला आहे. याकडे वारंवार लक्ष वेधूनही प्रशासनाने उदासीन भूमिका घेतली आहे." यात खोटं काही नाही. पण डोळ्यांसमोर काही उभंही राहत नाही. हीच भाषा प्रत्येक गावात, प्रत्येक विषयावर वापरली जाते, त्यामुळे कान ती ऐकायचं कधीच सोडून बसलेले आहेत.

त्याऐवजी असं: "सरपंचताई आणि गावकरी मंडळी. वरच्या आळीत एक हंडा भरायला नऊ मिनिटं लागतात. खालच्या आळीत एक मिनिट लागतं. काल मी घड्याळ लावून मोजलं. पाणी एक तास सुटतं, म्हणजे आमच्याकडे एका घरात सहा-सात हंडे. त्यातच पिणं, धुणं, जनावरं. हंडा भरेपर्यंत थांबायचं म्हणून आळीतल्या पोरींचा शाळेचा पहिला तास बुडतो. कारण साधं आहे. टाकीतून एकच लाइन निघते, ती आधी खाली जाते आणि मग वर चढते. खालचे नळ उघडे असेपर्यंत वर दाब पोचत नाही. यात खालच्या आळीचा काही दोष नाही. माझी मागणी अशी: फाट्यावर एक व्हॉल्व्ह बसवावा आणि दोन्ही आळ्यांना वेगवेगळ्या वेळी पाणी सोडावं. हे काम महिन्याभरात व्हावं, असा ठराव आज घ्यावा आणि इतिवृत्तात लिहावा."

हे बोलायला दीड मिनिटही लागत नाही. अरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ऐकणाऱ्याला पटण्याची तीन कारणं सांगितली: बोलणाऱ्याची विश्वासार्हता, ऐकणाऱ्याच्या मनात जागी होणारी भावना आणि युक्तिवादाची सुसंगती. "मी घड्याळ लावून मोजलं" हे पहिलं. पोरींचा बुडालेला तास हे दुसरं. एकच लाइन आणि दाब हे तिसरं. यातलं सगळ्यात जास्त दुर्लक्षित पहिलं आहे. स्वतः केलेलं एक मोजमाप दहा विशेषणांहून जड असतं, कारण ते कुणालाही उद्या सकाळी पडताळता येतं. आणि मागणी नेमकी, मुदतीसह हवी. "लक्ष द्यावं" या विनंतीवर सभा नुसती मान डोलावते, ठराव होत नाही.

देहबोलीबद्दल मात्र एक भ्रम दूर करायला हवा. व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गांत नेहमी सांगतात की बोलण्यात शब्दांना ७ टक्के, आवाजाला ३८ टक्के आणि देहबोलीला ५५ टक्के महत्त्व असतं. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या दोन छोट्या प्रयोगांतून आले. त्यांत सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले होते, चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवली होती, आणि प्रश्न एवढाच होता की बोलणाऱ्याला समोरचा माणूस आवडतो की नावडतो. शब्द एक सांगतो आणि चेहरा दुसरंच, तेव्हा भावनेपुरता माणूस चेहऱ्यावर विश्वास ठेवतो. हे निष्कर्ष भावना आणि आवडनिवड यांपुरतेच आहेत, असं मेहराबियन यांनी स्वतः स्पष्ट केलं आहे. नऊ मिनिटं आणि एक मिनिट हा फरक कुठलाही हातवारा सांगू शकत नाही. सुनंदाताईंनी हातांची चिंता सोडावी. पदराशी चाळा करायचा मोह झाला तर हातात एक कागद धरावा.

डोळ्यांकडे मात्र लक्ष द्यावं. सभेवरून नजर भिरभिरवली की कुणाकडेच बघितलेलं नसतं. एक वाक्य एका माणसाकडे बघून पूर्ण बोलावं, पुढचं दुसऱ्या कोपऱ्यातल्या माणसाकडे. समोर बसलेल्यांत दोन-चार जण मान हलवून ऐकणारे असतातच. सुरुवातीला त्यांना शोधावं. हुंकार आवाजातून आला नाही तरी मानेतून येतो, तो वेचायला शिकावं. जांभई देणाऱ्याकडे पाहून हिंमत खचवून घेण्याचं काही कारण नाही, तो कदाचित रात्रपाळी करून आला असेल.

आणि मग कुणीतरी मधेच उठतं. "आधी वरच्या आळीची पाणीपट्टी थकलीय, ती भरा!" इथे भाषण संपतं आणि पुन्हा माणसा-माणसातलं बोलणं सुरू होतं. बहुतेक जण इथे हरतात, कारण हल्ला झाला असं समजून ते प्रतिहल्ला करतात: "तुम्ही कोण सांगणार?" त्यानंतर पाण्याचं नाव कुणी काढत नाही. कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन यांनी १९५७ साली सक्रिय श्रवण नावाने जी रीत मांडली, ती इथे कामी येते. उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत त्याला परत सांगायचं. "दादा, तुमचं म्हणणं असं ना, की पट्टीच जमा नाही तर व्हॉल्व्हचा खर्च कुठून करायचा?" तो "हो, तेच" म्हणतो. या "हो" मुळे दोघांमधलं तापमान उतरतं, आणि सभेलाही मुद्दा काय आहे ते कळतं. मग उत्तर: "थकबाकी आहे हे खरं. भाऊसाहेबांनी यादी द्यावी, आमचा बचत गट वसुलीला मदत करेल. व्हॉल्व्हचा विषय मात्र आजच मार्गी लावू." खरं असेल तेवढं मान्य करावं, आणि विषय सोडू नये.

यातलं बरंचसं काम सभेआधीच होऊ शकतं. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि पाणी सोडणारा कर्मचारी यांना आधी भेटावं. चारचौघात अचानक दोष दाखवला की माणूस आपली बाजू सांभाळायला लागतो. तीच गोष्ट दोघांत, बसून बोललं तर तो उपाय सुचवतो. त्या भेटीत "तुम्ही पाणीच सोडत नाही" या वाक्याऐवजी "आमच्याकडे नऊ मिनिटांना एक हंडा भरतो, काय करता येईल?" असं विचारावं. पहिल्या वाक्याला उत्तर म्हणून सबब मिळते, दुसऱ्याला बहुधा माहिती मिळते. विषय लेखी अर्ज देऊन विषयपत्रिकेवर घालून घ्यावा, नाहीतर तो आयत्या वेळच्या विषयांत शेवटी ढकलला जातो आणि तोवर निम्मी सभा उठून गेलेली असते.

तयारीसाठी पाठांतर हा आपल्याकडचा रूढ मार्ग. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धांनी तो आपल्यात मुरवला आहे. त्या स्पर्धांनी अनेक मुलांना धीट केलं, हे खरं. पण घडाघडा पाठ केलेलं भाषण हुंकाराची वाटच बघत नाही. एक शब्द विसरला की पुढचं सगळं अडतं, आणि कुणी मधेच प्रश्न विचारला तर मुलाला परत सुरुवातीपासून यावं लागतं. त्यापेक्षा पाच-सहा मुद्दे कागदाच्या तुकड्यावर मोठ्या अक्षरात लिहावेत, आणि ते शालनकाकूंना समोर बसवून सांगावेत. काकू "म्हणजे?" विचारतील तिथे बोलणं कच्चं आहे असं समजून ते सोपं करावं. मग तेच दुसऱ्या कुणाला, खालच्या आळीतल्या ओळखीच्या बाईला सांगावं. दर वेळी शब्द बदलतील, बदलू द्यावेत. मुद्दे बदलत नाहीत तोवर काही बिघडत नाही. मोबाइलवर एकदा ध्वनिमुद्रण करून वाक्यांची शेपटं ऐकू येतात का तेवढं तपासावं. आणि सभा भरायच्या जागी थोडं आधी जाऊन उभं राहावं, म्हणजे जागा परकी वाटत नाही.

नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यात आहे. पुष्कळ गावांत ती कागदावर उरकली जाते. ती खरोखर भरवली, तर पहिल्यांदा बोलणाऱ्या बाईसाठी याहून चांगली तालीम नाही. माणसं ओळखीची, विषय सगळ्यांचा, आणि हुंकार भरपूर. तिथे मांडलेली मागणी पुढे ग्रामसभेसमोर नेता येते, तेव्हा बोलणारी एकटी उरत नाही.

राहिलं ऐकणाऱ्यांचं काम. बॅव्हेलस यांच्या प्रयोगातून एवढं नक्की कळलं, की चांगलं बोलणं बिघडवण्याची ताकद ऐकणाऱ्याच्या हातात असते. तेव्हा तुमच्या गावच्या ग्रामसभेत, सोसायटीच्या वार्षिक बैठकीत किंवा शाळेच्या पालकसभेत कुणी पहिल्यांदाच बोलायला उभं राहिलं, तर मोबाइल खिशात ठेवा, तिच्याकडे बघा, पटलं तिथे मान हलवा, आणि तिचं शेवटचं क्रियापद येईपर्यंत मधे बोलू नका.